अकरा घरांची राखण

माणसं ऊसतोडीला गेली की शिरूर कासारकडची ती वस्ती निव्वळ कुलपांची होऊन जाई. अकरा घरं, अकरा कुलपं, आणि सगळ्या किल्ल्या तुळजाबाईच्या कमरेला. कोयता धरायचं तिचं वय सरलं होतं, पण तिच्या भरवशावरच वस्ती घर सोडत असे. बंद घराला चोरापेक्षा वाळवीची भीती जास्त. चूल पेटत नाही, भुई सारवली जात नाही, म्हणजे वाळवीला मोकळं रान. म्हणून दर सोमवारी तुळजाबाई एकेक दार उघडी, वारं खेळू देई, भिंतीवर चढलेल्या मातीच्या नळ्या खुरप्यानं खरवडी आणि लाकडी खांबांवर बोटांनी टकटक करून कान लावी. भरीव वाजलं की पुढचं घर. यात औषध नव्हतं, खर्च नव्हता. फक्त वेळच्या वेळी जाणं होतं.

त्या वर्षी दुष्काळानं रानात काडी ठेवली नाही आणि वाळवी घरांकडे वळली. नेमका तेव्हाच पाटोद्याला सप्ताह बसला. कीर्तन म्हणजे तुळजाबाईचा जीव की प्राण. एका सोमवारानं काय होतंय, म्हणत ती गेली. सप्ताह उठला तर कीर्तनकार बुवा नारायणगडाला निघालेले. हीही बायांबरोबर तिकडं. मृदंगावर थाप पडली की तिला किल्ल्यांचं ओझं जाणवत नसे. एकाचे तीन सोमवार झाले.

परतली तर ऊसतोडीला गेलेल्या राधाकिशनच्या घरातला मधला खांब पोकळ वाजला. नळ्या पार आढ्याला भिडलेल्या.

त्या दिवशी सोसायटीच्या गोदामाच्या पायाला वाळवीचं औषध ओतत होते. सचिव वैजिनाथअप्पा गड्यांना बजावत होते, "लई जहाल हाय बे हे. राहत्या घरात थेंब न्यायचा न्हाई." तुळजाबाईनं आपल्या कानांनी ऐकलं. तरी अप्पांची पाठ वळल्यावर तिनं डबाभर औषध पदराआड नेलं आणि खांबाच्या बुडाला, भिंतीच्या कडेकडेनं ओतून टाकलं. वाळवी मेली. तिसऱ्या दिवशी तिची कोंबडी उघड्या दारातून आत शिरली, मेलेली वाळवी टिपत फिरली आणि सांजेला पाय ताणून पडली. तुळजाबाईनं कोंबडी पुरली, दाराला कुलूप लावलं आणि कुणाला काही बोलली नाही.

तेव्हापासून जपाला बसलं की माळ पुढं सरकेना. मारुतीपुढं कीर्तन झालं. बुवांनी लोकांना पोट धरून हसायला लावलं. हिला मात्र वाटलं, विठ्ठल आपल्याकडं बघत नाहीये. रागावला असता तर परवडलं असतं.

रानात ऊसच वाळला होता, त्यामुळं कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला तो महिनाभर आधीच. ट्रक भरभरून माणसं घरी आली. राधाकिशनची बायको छबुबाई उतरली ती कडेवर लेक घेऊन. कारखान्याच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत जन्मलेली पोर आता पालथी पडायला लागलेली.

"आत्याबाई, द्या किल्ली. हिला कवा एकदा गार भुईवर टाकीन असं झालंय."

तुळजाबाईच्या तोंडून निघून गेलं, "किल्ली हारपली गं."

राधाकिशन हसला. "अकरातली आमचीच बरी हारपली! बुवाला दक्षिणा दिली का काय? सरका, दगडानं कुलूप तोडतो."

त्यानं दगड उचलला. तुळजाबाई दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आत जाऊ नगा. मी इख ओतलंय भुईला."

मग सगळंच बोलली. तीन सोमवार, पोकळ खांब, पदराआडचा डबा, कोंबडी. बोलताना तिनं किल्ली कमरेची सोडून छबुबाईच्या हातात ठेवली. गल्लीतली माणसं गोळा झाली होती. राधाकिशनच्या हातातला दगड तसाच.

"देवाचं नाव घ्यायला गेलतीस, आत्या? अन् आमच्या घरात हे करून ठेवलंस?"

"व्हय."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी मला पुन्हा कुलपं देणार न्हाई म्हणून."

छबुबाईनं पोर घट्ट धरली. तिनं एकच विचारलं, "बाकीच्या घरांत?"

"न्हाई गं. निस्तं तुमच्या. देवाशपथ न्हाई म्हणत, तुझ्या लेकीकडं बघून सांगते."

वैजिनाथअप्पांना बोलावणं गेलं. ते आले, कुलूप काढून दारातूनच भुई बघितली. मग म्हणाले, "धुऊ नगा. धुतलं की ते आडात उतरंल, अन् यंदा पाणी असलेला आड एकच हाय. माती खांदून काढा, हातापायाला पिशव्या बांधा. ती माती वढ्यात टाकायची न्हाई, झाकणाच्या पिपात भरून गोदामात ठिवू. खांब बदला, नव्याच्या बुडाला उंच दगड द्या, भवताली खडी भरा. तिच्यातनं वाळवीला सहज वाट मिळत न्हाई. आली तर दगडावर नळी दिसतीच. खरवडून टाकायची."

"म्हंजे पुन्हा सोमवारचं सोमवारी बघणं आलंच," छबुबाई म्हणाली. तुळजाबाईची मान वर झाली नाही.

छबुबाई पोरीला घेऊन तुळजाबाईच्या घरात राहिली आणि तुळजाबाई मारुतीच्या ओसरीत. दुसऱ्या दिवसापासून राधाकिशन कुदळ मारी, ती घमेली भरी. तो तिच्याशी बोलत नव्हता, पण घमेलं जड झालं की अर्धं आपणच काढून घेई. चार पिपं भरली. हातभर खाली गेल्यावर तो थांबला.

"बास. इतकं खोल न्हाई जायाचं ते."

"कुणी बघितलंय?" तुळजाबाई म्हणाली.

"अप्पा म्हणले."

"नक्की ठावं न्हाई, असंबी अप्पाच म्हणले."

बाहेरून ओळखीची बाई डोकावली. "तुळजाबाई, चला की. गावात कीर्तन हाय, बुवा आलेत."

तुळजाबाईनं ऐकलं. लांबून टाळ वाजत होते. "तुमी जा," ती म्हणाली. खड्ड्यात उतरली, पिशव्यांच्या गाठी आवळल्या.

"आत्याबाई, बास करा आता," छबुबाई दारातून म्हणाली. पोर खांद्यावर झोपली होती.

"एक घमेलं, छबू. एवढंच एक," तुळजाबाई म्हणाली, आणि ते भरल्यावर तिनं दुसरं पुढं ओढलं.