जड गोळीला दारू कमी

घड्याळजींनी साठावी गोळी पुंगळीच्या तोंडावर बसवली, यंत्राचा दांडा खाली ओढला आणि तयार काडतूस डबीत ठेवलं. टेबल पुसायला घेतलं, तर गेल्या खेपेची एक उरलेली गोळी फडक्याखालून घरंगळत आली. ती त्यांनी सहज नव्या खोक्यातल्या गोळीशेजारी उभी केली. नवी नखभर उंच होती.

त्यांनी दोन्ही तोलल्या. नवी जड निघाली. खोकं तसंच, झाकणाचा रंग तोच. कडेला छापलेला वजनाचा आकडा तेवढा वेगळा, आणि तो वाचायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. दारूचा दाणा न् दाणा तोलणाऱ्या माणसाने गोळी मात्र डोळे झाकून घेतली होती.

खांद्याने दगा दिला तेव्हा त्यांची नेमबाजी सुटली, पण नेमबाज सुनेची काडतुसं भरायचं काम त्यांनी सोडलं नाही. “आमचे हे सकाळपासून दारू घेऊन बसलेत,” असं त्यांची बायको शेजारणीला सांगे, आणि शेजारीण बिचारी हळहळे.

जड गोळीला दारू कमी, हे सुनेला पहिल्या दिवशी त्यांनीच शिकवलं होतं. जड गोळी हलायला वेळ घेते, तोवर तिच्यामागे जळत्या दारूचा दाब कोंडतो. हलक्या गोळीचं माप जड गोळीमागे भरलं, तर बंदूक फुटूही शकते. आणि सून नेम धरते तेव्हा तिचा गाल बंदुकीला टेकलेला असतो.

घड्याळजींनी भरलेली डबी पुढ्यात ओढली.

दुपारी तिची निवड चाचणी होती. आता कुठे सकाळचे नऊ वाजत होते. साठ काडतुसं गुपचूप उकलून पुन्हा भरली, तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. कळलं तर मुलाच्या हाती आयतं कोलीत मिळणार होतं. तयार काडतुसं विकत घेऊ, म्हणून तो वर्षभर मागे लागला होता. हे काम गेलं तर दिवस खायला उठेल, याची घड्याळजींना खरंच भीती वाटत होती.

ते उकलायला बसलेही. तिसरं काडतूस उकलताना मनात आलं, आजची चूक दिसली म्हणून कळली. उद्या नाही दिसली तर? त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

“सूनबाई, जरा ये.”

ती आली. त्यांनी दोन्ही गोळ्या तिच्यापुढे ठेवल्या.

“जड गोळीमागे हलकीचं माप भरलंय मी. साठच्या साठ.”

तिने दोन्ही गोळ्या काट्यावर ठेवून पाहिल्या. मग तिने स्टूल ओढलं आणि जुन्या गोळ्या किती आहेत ते विचारलं. कपाटात एक खोकं शिल्लक होतं. दोघांनी मिळून सगळी काडतुसं उकलली. नंतर ती एकेक गोळी तोलून देऊ लागली आणि ते भरू लागले. पंचवीस वर्षांत त्यांच्या टेबलाशी दुसरं कुणी बसलं नव्हतं. त्यांना अवघडल्यासारखं झालं, आणि थोड्या वेळाने बरंही वाटू लागलं.

गाडीची किल्ली बोटात फिरवत मुलगा दारात आला. एवढा वेळ कशाला, असं त्याने विचारलं. घड्याळजींनी काहीही न लपवता सगळं सांगितलं.

“तरी मी म्हणत होतो, विकत घेऊ,” मुलगा म्हणाला.

सुनेने काट्यावरून मान वर केली नाही.

“विकतच्यात चूक झाली असती, तर मला हाक मारून कोणी सांगितलं असतं?”

मुलगा आत आला. मग त्याने किल्ली खिशात टाकली आणि आपण काय करू, असं विचारलं. तिने त्याच्याकडे फडकं सरकवलं आणि पुंगळ्या पुसायला सांगितल्या.

घड्याळजींनी पुढची गोळी स्वतःच खोक्यातून उचलली. पुंगळीकडे गेलेला हात मध्येच थांबला, आणि त्यांनी ती गोळी आधी सुनेपुढे धरली.