कोरडं पोट

शिंप्याच्या घरात दुकान आणि संसार यांच्यामध्ये एक पडदा तेवढा होता. अलीकडे मशीनची खडखड, पलीकडे भांड्यांची. त्या दिवशीही दोन्हीकडची कामं नेहमीसारखीच चालली होती. फक्त दीड वर्षांच्या छकुलीला आदल्या संध्याकाळपासून जुलाब होत होते आणि आजीने घरचा नियम लागू केला होता. पोट बिघडलं की पाणी बंद.

आजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "आत जाईल तेवढं खाली येणार," ती म्हणे. "पोट कोरडं ठेवा, आपोआप आवरेल." हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं. तिचा थोरला मुलगा, म्हणजे शिंप्याचा मोठा भाऊ, लहानपणी याच दुखण्यात गेला, तेव्हाही तिने नियम मोडला नव्हता. सगळं पाळूनसुद्धा पोर गेलं म्हणजे आपलंच नशीब फुटकं, अशी तिने मनाची समजूत घातली. त्या समजुतीच्या आधारावर ती आजवर उभी होती.

दुपारी सून धुणं धुवायला मागे गेली आणि छकुली रांगत पडद्याखालून दुकानात शिरली. इस्त्रीआधी कापड ओलं करायला शिंपी एक भिजवलेलं फडकं जवळ ठेवी. ते खाली पडलं होतं. पोरीने ते दोन्ही हातांनी तोंडात कोंबलं आणि चोखू लागली. फडक्याला निळीचा, धुळीचा वास येत होता, पण तिला कशाचीच पर्वा नव्हती.

आजीने ते हिसकावून घेतलं. पोरीने टाहो फोडला, पण डोळ्यांत टिपूस आलं नाही. असं कोरडं रडणं आजीने पूर्वी एकदा ऐकलं होतं.

सून ओल्या हातांनीच धावत आली. पोरीचे खोल गेलेले डोळे तिने पाहिले, सासूच्या हातातलं फडकं पाहिलं, आणि पोरीला उचलून पायांत चपला सरकवल्या.

"कुठं निघालीस?" आजीने विचारलं.

"दवाखान्यात."

मग सून नवऱ्याकडे वळली. "अहो, ऐका की, येताय का?"

शिंप्याने सुईत दोरा ओवण्याचा बहाणा केला. "आई म्हणते तर बघू की संध्याकाळपर्यंत."

"तुम्ही बघा. मी चालले."

या घरात सुनेने असं उत्तर आजवर दिलं नव्हतं. आजी मागोमाग निघाली, रस्ताभर तोंडाचा पट्टा चालवत. मनात मात्र एकच धास्ती होती, ही पोरगीही हातची जाते की काय.

मुलांच्या वॉर्डात तरुण डॉक्टरीणबाईंनी छकुलीच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी सावकाश मोडली; अंगातलं पाणी आटल्याची ती खूण. मग त्यांनी पुडीतली क्षार-साखरेची पावडर मोजून घेतलेल्या पाण्यात कालवली आणि वाटी-चमचा सुनेच्या हाती दिला.

आजीचा पारा चढला. "पाणी? ते तर घरीपण होतं! सलाईनची बाटली लावा, सुई टोचा. एवढा मोठा दवाखाना आणि औषध काय, तर चमचा!"

डॉक्टरने टोचल्याशिवाय उपचार झाल्यासारखा वाटत नाही, ही आपली सगळ्यांचीच खोड. आजीला एकटीला का हसावं?

"आजी, पोर गळून गेलं, पिताच येईना झालं, तर सुईशिवाय गत्यंतर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ही शुद्धीवर आहे, पिते आहे. मग एवढ्याशा हातात शीर शोधत तिला भोसकायचं कशाला? तोंडावाटे दिलेलं तेवढाच गुण देतं."

"आणि जुलाब?"

"ते लगेच नाही थांबणार. पण गेलेलं पाणी भरून निघेल. आजी, अशा दुखण्यात पोरं बहुतेक वेळा पाणी संपून दगावतात."

आजी भिंतीला टेकून बसली.

चार-सहा चमचे गेले आणि छकुलीने भडाभडा ओकलं. "बघा! सांगत नव्हते मी?" आजी ओरडली. पण तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, भीती होती.

"थोडं थांबू. मग पुन्हा, आणखी सावकाश," डॉक्टरीणबाई सुनेला म्हणाल्या. "तरी टिकलं नाही, तर नाकातून बारीक नळी घालून पोटात सोडू. तेही नाही जमलं, तर सुई आहेच."

सून पुन्हा बसली. चमचा, दम, चमचा. हाताला कळा आल्या तरी तिने वाटी खाली ठेवली नाही. पोरीची मान दर वेळी चमच्यामागे यायची, चमचा रिकामा झाला तरी ओठ त्याला सोडायचे नाहीत. ती तहान आजी बघत होती. नजर काढून घ्यावीशी वाटत होती, पण निघत नव्हती.

ऊन उतरलं तेव्हा सुनेची मांडी ओली झाली. छकुलीने लघवी केली होती! सून हसता हसता रडू लागली. पोरगीही रडली आणि तिच्या गालावरून खरेखुरे अश्रू ओघळले. एव्हाना शिंपीही दारात येऊन चोरासारखा उभा होता.

"आता धोका टळला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुलाब थांबेपर्यंत पाजत राहा, आणि अंगावरचं दूधही चालू ठेवा."

सगळ्यांचे चेहरे खुलले. आजीचा तेवढा पांढराफटक पडला होता. आपलं थोरलं पोर तेव्हा पाणी पाणी करत होतं, आणि ते माठाकडे जाऊ नये म्हणून आपण दाराला कडी लावून बसलो होतो. नशिबाने काहीच केलं नव्हतं.

एवढ्यात शेजारच्या खाटेवर एक बाळ आणलं. त्याच्या आईला वाटी-चमचा मिळाला, तशी सोबतच्या वयस्कर बाईने तिचा हात धरला. "नको गं, पोट कोरडं राहू दे."

आजी उठली. शिंप्याने आधाराला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"बाई, हात सोडा तिचा," ती म्हणाली. साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "मी माझ्या पोराला पाणी दिलं नाही. ते मागत होतं, तरी दिलं नाही. ते दुखण्यानं नाही गेलं हो, मी मारलं त्याला."

त्या बाईची पकड सुटली. बाळाच्या आईने पहिला चमचा भरला.