डाव्या पट्ट्यावरची रेघ

"मी नाही बसत आत," लंबू म्हणाला. "माझ्या हाताला यश नाही. दुसरा कुणी बघ."

समोर आवारात टेहळणीची ती हलकी चिलखती गाडी उभी होती. पलटणीत सगळे तिला मुंगूस म्हणत. लोखंडी पट्ट्यांवर सुळकन धावायचं, शत्रूच्या नाकाखाली जाऊन बघून यायचं, हे तिचं काम. उद्या ती फाटकाजवळच्या चौथऱ्यावर चढून कायमची थांबणार होती. पलटणीच्या जुन्या मिस्त्रीने महिनाभर राबून इंजिन चालू केलं होतं, आणि गाडी चढवायला तिचा जुना ड्रायव्हर लंबूच हवा, असा हट्ट धरला होता. हट्टामागचं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. भित्रा माणूस असाच लांबून वळसा घालून येतो.

"सव्वीस वर्षं झाली रे," मिस्त्री म्हणाला.

"म्हणून काय झालं? वळवली मीच. पट्टा निसटला, कमांडर बघायला खाली उतरला अन् गोळी लागून गेला. चौकशीत लिहिलंय, ड्रायव्हरने उतारावर नको तितकी जोरात वळवली. खोटं कुठंय? वळवलीच होती." लंबू थांबला. "दरवर्षी जातो मी त्याच्या आईकडे. दारात उभं राहून माफी मागतो. ऐकून घ्यायची, पण आत ये असं कधी म्हणाली नाही. गेल्या उन्हाळ्यात वारली. आता बहीण असते."

हे मिस्त्रीला ठाऊक नव्हतं.

मोहिमेआधी पट्ट्याच्या कड्या जोडणारी प्रत्येक पिन हातोडीने वाजवून बघायची पद्धत होती. धड पिन खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते. वाजवली की तिच्यावर खडूची खूण. त्या दिवशी उजवी बाजू मिस्त्रीने इमानाने वाजवली. डावी भिंतीला चिकटलेली. गाडी पुढे घ्यायला सांगावं तर लंबू नुकताच जेवायला बसलेला, आणि आडवं होऊन आत शिरावं तर खाली चिखल, अंगावर शेवटचे कोरडे कपडे. त्याने हात लांबवून खडूची एक लांबलचक रेघ ओढली आणि मोकळा झाला.

"लंबू, पिन तुटली होती," तो म्हणाला. "तुझ्या वळवण्याने नाही. आधीच तडा होता तिला. मी डाव्या पिना वाजवल्याच नव्हत्या."

"तुला कधी कळलं?"

"गाडी ओढून आणली त्याच दिवशी. तुकडा हातात घेतला. तुटल्या जागी आतपर्यंत गंज होता."

"अन् चौकशीत?"

"तपासल्या होत्या म्हणालो."

"त्यानंतर माझ्या लग्नात दोनदा वाढून घेतलंस तू."

"हो."

"पोरीला सायकल शिकवली नाही मी. माझ्या हातून पडेल म्हणून. शेजाऱ्याने शिकवली." लंबूचा आवाज चढला नाही, त्यामुळे मिस्त्रीला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मार मला. दोन लगाव."

"तुला मारून मी काय करू? चल, त्याच्या बहिणीला सांग. आत्ता."

दोघं तसेच कमांडरच्या घरी गेले. बहिणीने दार अर्धवट उघडलं. लंबूला बघून म्हणाल्या, "आज कसे? पुण्यतिथीला अजून दिवस आहेत की."

"हा सांगेल," लंबू म्हणाला.

मिस्त्रीने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. भिंत, चिखल, कपडे, सगळं. मध्ये कुठे 'पण' येऊ दिला नाही. येऊ बघत होता, गिळला.

बाई कडीवर हात ठेवून ऐकत होत्या.

"आईने ऐकायला हवं होतं हे," त्या अखेर म्हणाल्या. मग बाजूला झाल्या. "भाऊ, आत या."

लंबूला आधी कळलंच नाही की आपल्याला म्हणतायत. मग उंच मान खाली घालून तो उंबरा ओलांडून आत गेला. मिस्त्रीनेही पाय उचलला, आणि आपल्याला कुणी बोलावलेलं नाही हे लक्षात आल्यावर परत ठेवला.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाणी देऊ का, असं बाई विचारत होत्या. मिस्त्री पायरीच्या कडेला सरकून उभा राहिला. निघून जावं की थांबावं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.