आजींचं ‘नको’

माझ्या नाकावर राग असतो, हे खरं आहे. असल्या बाईला लोकपालांच्या कार्यालयात कोणी ठेवलं, असं घरचे विचारतात. सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारी मी तपासते. त्या वाचून राग येणार नाही तर काय होईल?

ही तक्रार एका आजोबांची होती. ते अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, पत्र डाव्या हाताने कसंबसं लिहिलेलं. आरोग्य खात्याची नर्स रोज सकाळी यायची, त्यांचं अंग पुसायची, त्यांना कुशीवर वळवायची, पाठीच्या जखमेला पट्टी करायची. महिन्यापूर्वी तिचं येणं बंद झालं. आता घरी एकट्या आजींकडून नीट देखभाल होत नाही म्हणून सोमवारी खातं त्यांना दूरच्या शुश्रूषागृहात हलवणार होतं. ‘हिला सोडून मी तिथे जगणार नाही,’ असं शेवटी लिहिलं होतं.

मी तडक खात्यात गेले. विभागप्रमुखांनी फाइल पुढे सरकवली. “बघा, पत्नीनेच मदत नको म्हटलंय. फोनचं रेकॉर्डिंग आहे.”

“ऐकवा.”

“सारांश आहे की त्यात.”

“सारांश माझ्या सासूबाईही सांगतात. मला मूळ ऐकायचंय.”

ऐकलं. सेवा कशी वाटते, हे विचारायला तो फोन केला होता. “पोरगी सोन्यासारखी आहे हो,” आजी नर्सचं भरभरून कौतुक करत होत्या. शेवटी फोनवरची मुलगी पाठ केल्यासारखं म्हणाली, “आणखी काही मदत हवी आहे का?”

“अगं नको नको! पुष्कळ करता तुम्ही.”

आणि फॉर्मवर खूण झाली: मदत नको.

मी कपाळावर हात मारला. “अहो, पाहुणा चहाला नको म्हणाला तर तुम्ही आधण उतरवून ठेवता का?”

ते हसले, मग ओशाळले. “चूक आमचीच. पण बंद झालेली सेवा सुरू करायला होकार लागतो, त्यांच्या स्वतःच्या आवाजात. तुम्ही आणलात तर आजच आदेश काढतो.”

हा तर माझ्या हातचा मळ, असं मला वाटलं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पुढच्याच खोलीत खिडकीशी पलंग, खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घातलेले टॉवेल. आजींना सरळ उभं राहता येत नव्हतं. नवऱ्याला एकटीने उचलून उचलून कंबर गेली होती. मी सगळं समजावून सांगितलं आणि फोन रेकॉर्डिंगला लावला.

“आजी, नर्स हवी का?”

“एवढे जिने चढून आलात, आधी पाणी घ्या.”

“पाणी नंतर. हवी ना?”

“माझं चाललंय हो. आमच्यापायी कुणाला त्रास नको.”

“पुन्हा नको!” माझा आवाज चढला. “अहो, या एका शब्दावर ते यांना घेऊन चाललेत!”

मला माझीच लाज वाटली. मी त्यांच्याजवळ बसले.

“लग्न झाल्यापासून अशीच आहे,” आजोबा अडखळत म्हणाले. “ताप असला तरी म्हणते, मला काही नको.”

“आईने शिकवलं होतं, कुणापुढे हात पसरायचा नाही,” आजी पुटपुटल्या.

आजोबांनी चालता हात पुढे केला. “मग माझ्यासाठी माग.”

आजींनी तो हात धरला. मग एकदम बांध फुटला. “हवी! हवी हो मला मदत! मला एकटीला यांना नाही उचलवत. आणि यांना नेऊ नका, यांच्याशिवाय मला नाही राहता येणार.”

पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या. माझेही डोळे भरून आले, का खोटं बोलू?

मी तिथूनच रेकॉर्डिंग खात्याला पाठवलं. पाण्याचा पेला संपायच्या आत उत्तर आलं. नर्स उद्यापासून, सोमवारची गाडी रद्द. आजी हसत-रडत टॉवेलांच्या घड्या घालायला लागल्या.

आजोबांनी मला खुणेने जवळ बोलावलं. फोनकडे बोट दाखवत हळूच म्हणाले, “ते शेवटचं वाक्य… पुन्हा लावता का?”

मी लावलं. त्यांनी ते तीनदा ऐकलं.