जयवंतरावांचं सोपं जेवण

टीव्हीवर कुणीतरी पंधरा मिनिटांत साल्मन भाजून दाखवला आणि आमच्या जयवंतरावांच्या अंगात आलं. "रविवारी तू आराम कर. मी सोपं जेवण करतो," म्हणाले.

बोळिंजच्या बाजारात साल्मन कुठला मिळायला? कोळणीने रावस दिला. रावस म्हणजेच इंग्रजीतला साल्मन, हे यांनी मला समजावलं, जशी काही मी रावस आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. मग लिंबू, मिरपूड लावून तुकडे नव्या ओव्हनमध्ये गेले. हळद नाही, तिखट नाही, कोकमाचं आगळ नाही. आजाऱ्याचं खाणं नुसतं.

डोकं मात्र ते टाकायला निघाले, कारण टीव्हीवरच्या माशाला डोकं नव्हतं. मी ते उचललं, चिंच-खोबऱ्याचं वाटण लावून कालवण केलं आणि भात टाकला.

जेवताना त्यांनी भाजलेला एक तुकडा खाल्ला, "हलकं आहे" म्हणाले आणि तिसऱ्यांदा भातावर कालवण वाढून घेतलं. हात धुता धुता म्हणाले, "बघ, किती सोपं होतं. आता दर रविवारी स्वयंपाक माझ्याकडे. तू फक्त कालवण-भाताचं बघ."