सौद्यापुरती मराठी

श्रीहरीरावांच्या घरात मराठीला दोन कामं होती. एक रोजचं बोलणं, आणि दुसरं दुकानदारासमोर भाव पाडणं. मंडी मोहल्ल्यात तूप घ्यायचं असो की लग्नाचा बस्ता, दुकानदाराशी गोड कन्नड बोलायचं आणि आपापसात हलकेच मराठीत म्हणायचं, ‘फार सांगतोय, चालू लाग.’ चार पिढ्या म्हैसुरात गेलेल्या या घराला तो आपला हक्कच वाटे. अन्विताला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, त्यांनी सायकल शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं.

म्हणून त्या शनिवारी सकाळी हिनकलला जाताना अन्विता म्हणाली, “अप्पा, तिथं तुम्ही बोलू नका,” तेव्हा ते हसले.

“पुट्टी, विमा कंपनीत जन्म घालवलाय मी. समोरच्याची गरज ओळखणं, हेच तर काम होतं माझं.”

गरज खरं तर अन्विताची होती. ऑफिसची नोकरी सोडून तिनं तलकाडच्या अलीकडची घरची जमीन कसायला घेतली होती. नदीकाठची ती जमीन. पाण्यासाठी चर खणावा आणि पुढच्या हंगामात तो वाळूनं भरून जावा, असं चाललेलं. चाकांचं खोदाईयंत्र त्या वाळूत रुते. साखळ्यांवर चालणारं भाड्यानं मागवावं तर ते आज येतो, उद्या येतो करत पाण्याची पाळी उलटल्यावर यायचं. दोन वर्षं केळीचं पीक असं हातचं गेलं होतं. शेवटी तिनं ठरवलं, जुनं का होईना, स्वतःचं घ्यायचं. मध्यम आकाराचं, बांधावरून जाईल असं. कंपनी कुठलीही असो, म्हैसुरात अशा यंत्राला हिटाचीच म्हणतात. चार ठिकाणी पाहून झालं होतं. कुणाच्या साखळ्या झिजलेल्या, कुणाचे कागद अपुरे. हिनकलची ही पाचवी. भाव आणि आकार दोन्ही बसत होते, आणि ही हातची गेली तर यंदाचाही हंगाम गेला, हे दोघांना ठाऊक होतं.

हुणसूर रस्त्यावरून आत वळल्यावर पत्र्याच्या शेडसमोर हिटाची उभी होती. नवा पिवळा रंग उन्हात चमकत होता. फोनवर जे नुसते ‘राव’ होते ते पुढं आले. साठीकडे झुकलेले, हातात ऑइल पुसायचा बोळा. राव म्हैसुरात पायलीला पन्नास. श्रीहरीराव स्वतःही रावच. कन्नडमध्ये नमस्कार झाले.

शेडच्या सावलीत खुर्चीवर एकजण बसला होता. तोंडाचा एक कोपरा ओघळलेला, उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवल्यासारखा.

“माझा धाकटा भाऊ,” राव कन्नडमध्ये म्हणाले. “मशीन त्याचंच आहे. तोच चालवायचा.”

श्रीहरीरावांनी वाकून कन्नडमध्ये विचारलं, “चेन्नागिद्दीरा?” कसे आहात?

खुर्चीतला माणूस त्यांच्याकडे नुसता पाहत राहिला. डोळ्यांत ओळख ना उत्तर. श्रीहरीरावांनी मनाशी टिपलं, याला काही समजत नाही. मग हात पाठीमागं बांधून त्यांनी हिटाचीला फेरी मारली. बूमवर, यंत्राच्या लांब हातावर, जुनं वेल्डिंग दिसलं, त्यावर रंग चढवलेला. रावांकडे पाहून ते प्रसन्न हसले, जणू रंगाची तारीफ करताहेत, आणि त्याच सुरात मुलीला मराठीत म्हणाले,

“पुट्टी, स्वल्प हळू घे. यांना निकड आहे. तो खुर्चीतला बघ, अर्धा तर गेलेलाच आहे. औषधपाण्याला पैसे लागत असणार. आज भाव बोलायचाच नाही. चार दिवस फोन उचलू नकोस, सुम्ने गप्प राहा, आपोआप खाली येतील.”

“अप्पा, नको ना असं.”

“अगं, धंदा आहे हा. त्यात काय?”

“अर्धा... नाय.”

आवाज शेडमधून आला. खुर्चीतला माणूस ओठ जुळवायची खटपट करत होता. मानेची शीर फुगली होती.

“पाऊण,” तो म्हणाला. “पाऊण आहे अजून.”

श्रीहरीरावांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते कसं उतरवायचं, हेच त्यांना कळेना. अन्वितानं मान खाली घातली.

“रणोजी, असू दे,” राव मराठीत म्हणाले. मग श्रीहरीरावांकडे वळले. “मी मानाजीराव. आमची पण मराठीच घरात. थोडी मोडकी, पण कळते सगळी.”

“तुम्हाला... आधीपासून?”

“गाडीतून उतरताना मुलीशी बोललात, तेव्हाच.”

“मग सांगितलं का नाही?”

“काय सांगू? आमचे बाबापण असंच करायचे. कापडाच्या दुकानात शिरले की मराठी चालू. आम्हा पोरांना केवढी मजा वाटायची! दुकानदाराला मराठी येत असेल, हे कधी डोक्यात पण आलं नाही.” मानाजीरावांनी बोळ्यानं हात पुसले. ते स्वच्छच होते. “आणि खोटं काय बोललात? घरात आजारी माणूस असला की विकणारा खाली येतो. मी पण असंच घेतलंय एक मशीन, नंजनगूडला. त्या माणसाची बायको दवाखान्यात होती.”

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं, निघून जाता येतं. या समजूतदारपणानं श्रीहरीराव जागच्या जागी खिळले. कान तापले होते. काहीतरी करून ही घटका पुसावी, एवढंच त्यांना सुचत होतं. त्यांनी सुचलं ते केलं.

“तुम्ही सांगितलाय तो भाव आम्हाला मान्य आहे,” ते घाईनं म्हणाले. “पूर्ण. आत्ताच विसार देतो.”

मानाजीरावांच्या कपाळावर पहिल्यांदा आठी पडली. “मशीन चालू तर करून बघा.”

“नको, नको. बघायचं काय त्यात? तुमच्यावर विश्वास आहे.”

“मघाशी नव्हता, आता एकदम कुठून आला?” मानाजीराव म्हणाले. “श्रीहरीराव, दान देताय काय आम्हाला?”

श्रीहरीराव तोंड उघडणार, तेवढ्यात अन्विता दोघांच्या मध्ये आली. तिची मराठी बेताचीच. राग आला की त्यातली अर्धी हरवे. आज मात्र शब्द नीट लागले.

“अप्पा, लाज तुमची आहे. मशीन माझं आहे. मी बघणार.”

तिनं इंजिनावर तळहात ठेवून ते आधीच तापवून ठेवलेलं नाही याची खात्री केली आणि केबिनमध्ये चढली. भाड्याच्या यंत्रांवर ती चालवायला शिकली होती. पहिल्याच प्रयत्नात इंजिन लागलं. तिनं पुढं-मागं नेलं, जागेवर गोल फिरवलं, मग बूम पूर्ण वर उचलून इंजिन बंद केलं. सिलिंडरवर खडूनं खूण केली.

“आता थांबायचं,” ती म्हणाली. “खाली येते का बघायचं.”

उन्हात उभं राहवेना. सावली एकच होती, रणोजीरावांच्या खुर्चीपाशी. तिथल्या सिमेंटच्या ठोकळ्यावर श्रीहरीराव बसले. मानाजीरावांनी ताकाचे पेले आणले. भावाच्या तोंडाशी पेला धरून घोट घोट पाजला, हनुवटी पुसली. श्रीहरीरावांचा पेला हातातच राहिला.

माफी मागायला हवी होती. त्यांनी खुर्चीकडे तोंड वळवलं आणि जड विषयासाठी आयुष्यभर वापरलेली भाषा आपोआप ओठांवर आली. “तप्पायतु. क्षमिसि,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

रणोजीरावांनी भावाकडे पाहिलं, मदत मागितल्यासारखं.

“कन्नड गेलं त्याचं,” मानाजीराव म्हणाले. “दिवसभर तेच बोलायचा. मजूर, शेतकरी, ड्रायव्हर, सगळ्यांशी. झटका आला आणि सगळं पुसलं. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. आईची भाषा तेवढी उरली. आता हिनकलमध्ये माझ्याशिवाय त्याच्याशी बोलणार कोण? म्हणून तुम्ही उतरलात तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, आज त्याच्या कानावर आपलं काहीतरी पडेल.”

श्रीहरीरावांनी पेला खाली ठेवला. आपलं काय पडलं त्याच्या कानावर, ते आता कुणी वेगळं सांगायला नको होतं.

“वीतभर उतरली,” अन्वितानं हाक दिली.

मानाजीराव उठून गेले. दोघं वाकून खूण पाहत होती.

“सील गेलंय का व्हॉल्व्ह?”

“सील. उघडून दाखवतो ना.”

“मग बदलून द्या. आणि ते वेल्डिंग?”

“दोन वर्षांमागचं. खडकाला लागलं होतं. त्यानंतर काही नाही.”

“वेल्डिंगसाठी कमी करा.”

“अय्यो, सील पण मीच बदलायचं आणि भाव पण मीच कमी करायचा?”

“रंगाचे मी काही धरत नाही. रंग मी लावा म्हणाले नव्हते.”

मानाजीराव खळखळून हसले. श्रीहरीरावांना दुरून ते सगळं ऐकू येत होतं. मराठीत भाव पाडणं चाललं होतं, समोरच्याच्या तोंडावर, त्यालाही कळेल असं. मुलीला त्यांनी जे शिकवलं होतं, त्यात हे नव्हतं. सौदा थोडा वर, थोडा खाली होत एका जागी आला.

“आता त्याला विचारू,” मानाजीराव म्हणाले. “मशीन त्याचं आहे. तो नाही म्हणाला तर नाही.”

अन्विता खुर्चीसमोर उकिडवी बसली. “मामा, आमची वाळूची जमीन आहे. पाण्याचे चर खणायचेत. भारी काम देणार नाही मी हिला. मीच चालवणार.”

रणोजीराव बराच वेळ तिचे हात पाहत राहिले. मग त्यांची नजर श्रीहरीरावांवर आली आणि तिथंच थांबली. आपल्या दोन वाक्यांपायी पोरीचा हंगाम जाणार, हे श्रीहरीरावांना इतकं स्वच्छ दिसलं की त्यांनी डोळे मिटून घेतले.

“तिला,” रणोजीराव म्हणाले. डावा हात उचलून त्यांनी अन्विताकडे बोट केलं. “तिला दे.”

अन्विता आणि मानाजीराव कागद पाहायला केबिनकडे गेले. श्रीहरीरावांनाही उठून जाता आलं असतं. काम झालं होतं, आणि इथून पुढं त्यांची कुणाला गरज नव्हती. ते उठलेही. दोन पावलं जाऊन परत फिरले.

घरच्या मराठीत माफीचे शब्द शोधताना त्यांच्या लक्षात आलं की ते तिथं नाहीतच. त्यांच्या घरात कुणी कुणाची माफी मागत नसे. चुकलं तर गुपचूप त्याच्या आवडीची भाजी होई, नाहीतर त्याचं ताट जरा आधी वाढलं जाई. वडिलांनी कधी मागितली नव्हती, त्यांनी बायकोची कधी मागितली नव्हती. भाजी आणायला, भांडायला, भाव पाडायला हवे तेवढे शब्द होते. हा नव्हता.

ते खुर्चीसमोर उभे राहिले. वाकले, म्हणजे चेहरा समोर येईल.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. अगदी पुटपुटल्यासारखं.

रणोजीरावांनी डोळे बारीक केले. ओठ जुळवले.

“पुन्हा,” रणोजीराव म्हणाले. ऐकू आलं नव्हतं म्हणून, की ऐकूनही, श्रीहरीरावांना कळायला मार्ग नव्हता.

“चुकलं माझं,” श्रीहरीराव मोठ्यानं म्हणाले. इतक्या मोठ्यानं की केबिनपाशी कागद चाळणारी दोघं थांबली आणि वळून पाहू लागली.