अक्कानं मागितलेला आवाज

सिंचना आमच्याकडं पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या अक्काची जीभ जड झाली होती, पण बोलणं थांबलं नव्हतं. शब्द ओले होऊन बाहेर पडायचे, एवढंच. नसांचा आजार आहे, आधी बोलणं जाईल, मग हातपाय, डोळे मात्र शेवटपर्यंत राहतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनीच या मुलीला आमचा पत्ता दिला. बंगळूरची एक संस्था अशा माणसांसाठी बोलणारं यंत्र करत होती. पडद्यावरच्या अक्षराकडं नुसतं बघायचं. यंत्र नजर ओळखणार आणि मोठ्यानं बोलणार. ते अजून व्हायचं होतं. कसं असावं, हे ज्यांना लागणार त्यांनाच विचारत ही पोर गावोगाव हिंडत होती.

दावणगिरीच्या जुन्या पेठेत अक्काची खानावळ. अक्काचं नाव वनजाक्षी. भावोजी, म्हणजे तिप्पेस्वामी, आत चुलीपाशी आणि अक्का बाहेर गल्ल्यावर. भावोजींना बोलण्याचा आळस. त्यांच्या वाटणीचंही अक्काच बोलायची. गिऱ्हाईक भरल्या वांग्यासाठी यायचं आणि अक्काची बोलणी खायला थांबायचं.

"काय वकीलसाहेब, बायको माहेरी गेली वाटतं? भाकरी बघून तोंड कसं फुललंय बघा!"

आणि वकीलसाहेब खूश होऊन आणखी एक भाकरी मागायचे. मग अक्का बोटातल्या अंगठीनं गल्ल्याच्या फळीवर टक टक करायची, की आतून भावोजी गरम भाकरी घेऊन हजर. मी त्याच गल्लीत राहते. अक्का आजारी पडल्यापासून मी दिवसभर तिथंच असायची.

सिंचना खाली बसली, एक छोटं ध्वनिमुद्रणाचं यंत्र मध्ये ठेवलं, "चालेल ना, अम्मा?" म्हणून विचारलं आणि कार्डं पसरली. पाणी. दुखतंय. संडासला जायचंय. भूक लागली. कूस बदला.

"यातलं सगळ्यात जास्त काय लागेल तुम्हाला?"

अक्कानं कार्डं पाहिली. "मी काय तान्हं बाळ आहे?"

"नाही, अम्मा. दवाखान्यातल्या लोकांनी हीच सांगितली."

"त्यांना काय, त्यांना पेशंट गप्प असला की बरं." अक्का दम खाऊन म्हणाली, "मला मधेच तोंड घालता आलं पाहिजे. बोल, घालेल तुझं यंत्र?"

सिंचना हसली, मग एकदम गंभीर झाली. "म्हणजे कसं?"

"म्हणजे ही आमची सुगुणा," माझ्याकडं मान करून अक्का म्हणाली, "कालची गोष्ट सांगायला लागली की निम्मी खोटी असते. मी वाक्य जुळवून होईपर्यंत हिचं खोटं पार शेजारच्या गल्लीत पोचलेलं असणार. त्याच्याआधी मला 'खोटं!' म्हणता आलं पाहिजे."

मी म्हणाले, "अक्का, पाहुण्यांसमोर तरी सोड."

"बघ, आत्ताच तोंड घातलं असतं."

त्या मुलीनं कार्डं गोळा करून पिशवीत टाकली. पुढचे काही दिवस ती खानावळीतच बसून राहिली. जेवायची, ताटं उचलायला मदत करायची आणि अक्का कुणाला केव्हा काय बोलते ते बघायची. मग एक पारदर्शक फळी आणली, तिच्यावर अक्षरं चिकटवली. फळीच्या अलीकडं अक्का, पलीकडं सिंचना. अक्कानं नजरेनं अक्षर दाखवायचं, सिंचनानं ओळखायचं. पहिल्याच दिवशी अक्कानं नजरेनं 'म्हैस' लिहिलं आणि माझ्याकडं बघून हसली. सिंचनानं एका कोपऱ्यात अक्काला नेहमी लागणारे शब्द लावले: 'खोटं', 'थांब, माझं व्हायचंय', 'गप्प बस', 'मग काय झालं?'. बोलण्यात एवढी मजा अक्काला बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

एकदा सिंचनानं चुलीपाशी जाऊन भावोजींना विचारलं, "अप्पाजी, यंत्रात तुम्हाला काय हवं?"

भावोजी पीठ मळत होते. "मला कशाला? तिचं यंत्र."

"तरी पण."

पीठ मळता मळताच ते म्हणाले, "ती हाक मारते, ती आली की झालं."

"काय म्हणून हाक मारतात?"

भावोजींचे कान लाल झाले. "अहो म्हणते. आणखी काय म्हणणार?"

त्यावर सिंचना म्हणाली, की अम्माचं बोलणं आहे तोवर त्यांच्याच तोंडून खूप वाक्यं म्हणवून घेता येतील. मग यंत्र अम्माच्याच आवाजात बोलेल. भावोजींनी पिठाचे हात तसेच धरून तिच्याकडं पाहिलं. "तिच्याच?" त्यांनी पुन्हा विचारलं. "तिच्याच आवाजात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर त्यांनी मागची खोली रिकामी केली होती. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला घोंगडी ठोकली होती, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. खानावळ बंद. त्या माणसाला असं उत्साहात मी त्यांच्या लग्नानंतर पाहिलंच नव्हतं.

अक्कानं घोंगडीकडं पाहिलं. म्हणाली, "अहो, मंडीतून विड्याची पानं आणा. चांगली बघून. घाई नको."

ते गेल्यावर तिनं मला दार लावायला सांगितलं.

"माझा आवाज घ्यायचा नाही," ती सिंचनाला म्हणाली. "दुसरा कुणाचाही घाल. तुझ्याकडं असेल तो."

सिंचनाला वाटलं, दमली असेल. "अम्मा, आज थोडंच करू. परका आवाज फार टोचतो. बाकीच्या घरांतले लोक सांगतात, आपल्याच तोंडातून दुसरं कुणी बोलतंय असं वाटतं."

"टोचू दे."

"पण का?"

अक्का बोलायला लागली. तेव्हा तिला एकेक वाक्य ओढून काढावं लागायचं. मला माहीत असलेलंच ती सांगत होती, तरी मला ऐकवेना. त्यांची गौरा सहा वर्षांची होऊन तापात गेली. नंतर भावोजी तिच्या फोटोपुढं ताट मांडून बसायचे. ती जेवेल मग मी जेवीन, म्हणायचे. खानावळ बंद पडली, माणूस निम्मा झाला. शेवटी अक्कानं फोटो कुठंतरी दडवला, त्यांना हाताला धरून चुलीपाशी नेऊन बसवलं आणि भाकरी थापायला लावली.

"त्या वेळी उठवायला मी होते," अक्का म्हणाली. "आता कोण आहे? आणि फोटो निदान गप्प असतो ग. हा आवाज 'अहो, जेवून घ्या' म्हणणार आणि हे त्याच्यापुढं बसून राहणार. मी ओळखते ना माझ्या नवऱ्याला."

"आपण त्यांना विचारू या, अम्मा," सिंचना म्हणाली. "त्यांच्याशी बोलून…"

"नाही. कारण त्यांना कळलं तर ते माझ्यापुढं रडतील. ते रडले की माझ्याच्यानं 'नाही' म्हणवत नाही. मला काय हवं ते विचारायला आलीस ना? मग हे हवंय. आणि त्या डबीत माझं बोलणं साठवलंयस, तेही पूस. माझ्यासमोर."

सिंचनाचे डोळे भरले होते. ती माझ्याकडं बघत होती, मी अक्काकडं. शेवटी तिनं हवं तेवढं कागदावर टिपून घेतलं आणि अक्काच्या डोळ्यांदेखत सगळं पुसलं. अक्कानं माझ्याकडूनही शब्द घेतला, की मी तोंड उघडणार नाही.

भावोजी पानं घेऊन आले तेव्हा अक्का म्हणाली, "मला नाही करायचं ते. परका आवाज चालेल मला."

"का?"

"कंटाळा आला."

भावोजींनी पानं तिच्या उशाशी ठेवली. खिडकीची घोंगडी मात्र त्यांनी काढली नाही, कितीतरी दिवस ती तशीच होती.

यंत्र तयार होऊन आलं तोवर अक्काचं बोलणं पार गेलं होतं. सिंचनानं पडदा तिच्यापुढं नीट बसवला. मी मुद्दाम एक गोष्ट रंगवून सांगायला लागले, तर मधेच यंत्र म्हणालं, "खोटं!" आम्ही तिघी हसलो, अक्का नुसत्या डोळ्यांनी. आवाज रेडिओवर बातम्या देणाऱ्या एखाद्या तरुण मुलीसारखा होता. स्वच्छ, गोड. त्यात दावणगिरी औषधालाही नव्हती.

मग अक्कानं 'अहो'कडं नजर लावली.

"अहो," ती परकी मुलगी म्हणाली.

भावोजी दारात कांदे चिरत होते. ते चिरतच राहिले.

"अहो."

"भावोजी, अक्का बोलावतेय," मी म्हणाले.

"ती नाही," खाली बघूनच ते म्हणाले. "ते यंत्र आहे."

पुढं हे रोजचंच झालं. अक्काचं सगळं ते करायचे. भरवायचे, पुसायचे, वेणी घालायचे. पण यंत्र बोललं की त्यांचा चेहरा बंद व्हायचा. एकदा ते मला म्हणाले, "सुगुणा, जाताना माणूस काहीतरी ठेवून जातं. तुझ्या अक्काला तेवढंही ठेवावंसं वाटलं नाही. असं काय केलं होतं मी?"

माझ्या ओठांवर आलं होतं. पलंगावरून अक्का बघत होती. मी गिळलं.

अक्कानं हाक मारणं कमी केलं. तिला तहान लागलेली असायची, माशी बसलेली असायची, तरी ती मी येईपर्यंत थांबायची. सिंचना यंत्र कसं चाललंय ते बघायला परत आली, तिच्या हे लगेच लक्षात आलं. ती भावोजींपाशी भाजी निवडत बसली.

"अप्पाजी, तुम्ही चुलीपाशी असताना लगेच कशाला वळता?"

"भाकरी करपल्याच्या वासाला."

"आणि?"

त्यांनी विचार केला. "ती अंगठीनं गल्ल्याच्या फळीवर ठोकायची त्याला. ते ऐकलं की हातातलं टाकून निघायचो."

सिंचना अक्काकडं आली. "अम्मा, ठोकण्याचा आवाज चालेल? तो काही तुमचा गळा नाही."

अक्कानं आधी बोटातल्या अंगठीकडं पाहिलं. मग यंत्र म्हणालं, "चालेल."

अंगठी मी काढून दिली. सिंचनानं स्वतःच फळीवर ठोकून तो आवाज यंत्रात भरला. दुपारी भावोजी आत होते. टक टक झालं. आणि भावोजी ओल्या हातानं धावत बाहेर आले, अर्ध्या वाटेवर थबकले. त्यांना कळलं. पण आलेला माणूस परत गेला नाही. ते पलंगाच्या कडेला टेकले आणि अक्काचा हात मांडीवर घेतला.

"बसा जरा," परकी मुलगी म्हणाली.

"बसलोय," भावोजी म्हणाले.

त्या परक्या आवाजाला त्यांनी दिलेलं ते पहिलं उत्तर. त्यानंतरचे दिवस बरे गेले, म्हणजे तशा घरात जेवढे बरे जातात तेवढे. गौरीच्या सणाच्या आदल्या दिवशी अक्का गेली. सकाळची वेळ होती, भावोजी तिचे केस विंचरत होते.

क्रियाकर्म झाल्यावर सिंचना यंत्र न्यायला आली. ते दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं होतं. भावोजींनी ते फडक्यानं पुसून तिच्या हातात दिलं.

"पोरी, एक विचारू? तू पहिल्यांदा आलीस तेव्हा तिचं बोलणं एका डबीत घेतलं होतंस. तेव्हा तिला बोलता येत होतं. ते आहे?"

सिंचनानं मान खाली घातली. माझ्याकडं बघायची तिची हिंमत होईना.

"थोडंसं असलं तरी चालेल. मला शिव्या घातलेल्या असल्या तरी चालतील."

"नाही, अप्पाजी," ती म्हणाली. "पुसलं मी."

तेव्हा मी शब्द मोडला. सगळं सांगितलं: गौराचा फोटो, पानं आणायला पाठवलं ते, अक्का काय म्हणाली ते. सांगता सांगता मला वाटत होतं, आता यांच्या मनातला सल निघेल, बायकोनं आपल्यासाठी केलं म्हणून जीव हलका होईल.

भावोजी भिंतीला टेकून ऐकत होते.

"ती बरोबर बोलली," शेवटी ते म्हणाले. "बसलो असतो मी." मग त्यांचा आवाज चढला, आयुष्यात पहिल्यांदा मी तो चढलेला ऐकला. "बसलो असतो तर बसलो असतो! माझं मी बघितलं असतं. तिला विचारलंत, हिला माहीत होतं, मला कुणी विचारलं? एवढे महिने मी तिच्यावर रुसून होतो. ती समोर होती आणि मी रुसून होतो!"

सिंचना रडत म्हणाली, "दोघांचं मागणं उलट आलं की ज्याला बोलायचंय त्याचं आम्ही ऐकतो, अप्पाजी."

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. राग आला तसा गेला होता. "तोंड तिचं होतं." मग त्यांनी तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. स्वतः वाढलं. तिला घास उतरत नव्हता, तरी ती बसून राहिली.

त्याला आता दोन वर्षं होतील. सिंचना अधूनमधून फोन करते. दुसरीकडं गेली की आता ती घरातल्या दोघांना वेगवेगळं बसवून विचारते, आणि मग एकत्र बसवते, असं म्हणाली. एकत्र बसल्यावर पुष्कळदा दोघं नुसतीच रडतात, म्हणाली.

भावोजींनी खानावळ वर्षभर चालवली. गिऱ्हाईक यायचं, मुकाट्यानं जेवून जायचं. मग त्यांनी ती भाड्यानं दिली. आता ते माझ्याकडं जेवतात. आजारी पडले नाहीत, कशापुढं ताट मांडून बसले नाहीत. अक्काला हवं होतं तसंच झालं म्हणायचं.

परवा जेवताना त्यांनी हात थांबवला.

"सुगुणा, तिचा चेहरा अजून दिसतो मला. चालणं दिसतं. आवाज जातोय ग. रोज थोडा थोडा जातोय. आठवायला गेलो की ती यंत्रातली मुलगीच बोलते."

 आमटी वाढू का, म्हणून मी विचारलं. ते नको म्हणाले. ताटातली भाकरी मात्र सगळी संपवली आणि हात धुवायला उठले.